दुसरी हार्डडिस्क बसवताना: आधी जुने फोटो, मग पार्टिशन

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘पारोळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं अशी कामं करतो. दुकानातल्या कॉम्प्युटरला २४० जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली जलद डिस्क) आहे. तिच्यावर विंडोज १०, फोटोशॉप आणि प्रीमियर आहे. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल असते. म्हणून २ टीबीची नवी हार्डडिस्क घेतली आणि स्वतःच बसवली, पण ती माय कॉम्प्युटरमध्ये दिसतच नाही. जुन्या कॉम्प्युटरमधली ५०० जीबीची डिस्क कपाटात आहे. तिच्यावर सी, डी, ई अशी तीन पार्टिशनं (डिस्कचे पाडलेले भाग) आणि २०१३ पासूनचे फोटो आहेत. ते नव्या डिस्कवर घेऊन जुनी फॉरमॅट करायची आणि मुलाला द्यायची असं ठरवलंय. नवी डिस्क सीला जोडून सी मोठा करता येईल का? एमबीआर निवडू की जीपीटी? पार्टिशनं किती पाडू? ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, “नव्या डिस्कवरच विंडोज टाकून चार पार्टिशनं पाडून देतो.” मुलगा म्हणतो, “मला वेगळा ड्राइव्ह पाहिजे.” आते काय करू भाऊ?’

भाऊ, तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ५०० जीबीची ती जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. आज नको, या महिन्यात नको, मुलाने कितीही हट्ट धरला तरी नको. २०१३ पासूनची लग्नं त्या एकाच डिस्कवर आहेत. त्यातल्या कितीतरी घरांत हळदीच्या फोटोत हसणारे आजी-आजोबा आज राहिलेले नसतील. कुणाचा अल्बम पावसात भिजला, कुणाच्या पेटीला वाळवी लागली, तर ती माणसं तुमच्याच दुकानाची पायरी चढणार. नवी डिस्क बिघडली तर जळगावला जाऊन दुसरी आणता येते. त्या हळदीचे फोटो कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी नवी डिस्क तयार करा आणि तपासा, मग जुनी जोडून फोटो कॉपी करा, कॉपी पडताळा, आणि जुनी डिस्क पुन्हा कपाटात ठेवा. पार्टिशनं किती आणि केवढी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तो चुकला तर नंतर सुधारता येतो. फोटोंच्या बाबतीत तशी सवलत नाही.

आता नवी डिस्क का दिसत नाही ते पाहू. ती खराब नाही, कोरी आहे. माय कॉम्प्युटरमध्ये फक्त अक्षर मिळालेले ड्राइव्ह दिसतात आणि अक्षर मिळायला आधी पार्टिशन लागतं. स्टार्ट बटणावर माउसचं उजवं बटण दाबा, यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. बहुधा उघडताक्षणीच एक चौकट येईल आणि विचारेल, डिस्क इनिशियलाइझ करायची का, म्हणजे वापरासाठी पहिल्यांदा तयार करायची का. तिथेच एमबीआर की जीपीटी, म्हणजे पार्टिशनांची नोंद डिस्कवर कुठल्या पद्धतीने ठेवायची, हा प्रश्न येतो. चौकट आली नाही तर खालच्या भागात पाहा: ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ असं लिहिलेली आणि काळी पट्टी असलेली डिस्क तीच.

तिथेही ती नसेल तर घोटाळा जोडणीत आहे. कॉम्प्युटर बंद करून मेन स्विचची पिन काढा. डिस्कला दोन वायरी लागतात: अरुंद साटा डेटा केबल आणि तिच्याहून रुंद पॉवरची. दोन्ही पूर्ण आत बसल्यात का बघा. पॉवर घेताना एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवरच्या डब्यातून, निघालेली मूळ साटा पिनच वापरा. बाजारात जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटा करून देणारे स्वस्त जोड मिळतात. त्यातले साच्यात ओतून बंद केलेले जोड आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. तो थोडासा खर्च वाचवू नका. वायरी नीट असूनही डिस्क दिसत नसेल तर डेटा केबल मदरबोर्डवरच्या दुसऱ्या साटा जागेत लावा. तुमची एसएसडी एम डॉट टू प्रकारची, म्हणजे बोर्डवर आडवी बसणारी पट्टी असेल, तर अनेक बोर्डांवर ती लावली की एखादी साटा जागा आपोआप बंद होते. मेकॅनिकसुद्धा इथे तासभर अडकतात.

एक पथ्य मात्र पाळाच. नवी डिस्क पूर्ण तयार होईपर्यंत जुनी जोडूच नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन पट्ट्या एकाखाली एक दिसतात, गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं, फोन वाजत असतो, आणि हात भलत्याच पट्टीवर पडतो. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाणार नाही. डिस्क ० आणि डिस्क १ या क्रमांकांवर भरवसा ठेवू नका, ते केबल बदलल्यावर बदलू शकतात. आकारावरून ओळखा. २ टीबीची डिस्क तिथे साधारण १८६३ जीबी दिसेल, ५०० ची साधारण ४६५ आणि २४० ची २२३ च्या आसपास. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

एमबीआर की जीपीटी? जीपीटी घ्या, फार विचार करू नका. एमबीआर ही १९८३ पासूनची पद्धत आहे. तिच्यात मुख्य पार्टिशनं चारच करता येतात आणि साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा तिला मोजता येत नाही. तुमची डिस्क त्या मर्यादेत बसते, म्हणजे एमबीआर निवडलं तरी काम चालेल. पण जीपीटीत पार्टिशनांच्या नोंदीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी असते, आणि नोंद बिघडली तर ती बिघडलीय हे ओळखायची सोयही असते. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे ही दुसरी प्रत कामाची आहे. ‘माझा बोर्ड जुना आहे, चालेल का?’ असा प्रश्न पडेल. डिस्कवरून विंडोज सुरू करायचं नसून फक्त फोटो ठेवायचे असतील तर विंडोज व्हिस्टा आणि त्यापुढच्या कुठल्याही विंडोजला जीपीटी वाचता येतं. ही डिस्क काढून कधी ३२ बिटच्या एक्सपीवाल्या मशीनला लावायची असेल तरच एमबीआर घ्या.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: ही जागा सीला जोडून लाल पट्टी घालवता येईल का? नाही. एक शेत पारोळ्याच्या शिवारात आणि दुसरं एरंडोलच्या शिवारात असलं, तर दोन्ही तुमच्याच नावावर असूनही बांध सरकवून त्यांचं एक शेत होत नाही. सी आहे एसएसडीवर. तो वाढवायचा तर त्याच एसएसडीवर, सीच्या लगेच उजव्या हाताला मोकळी जागा हवी. दुसऱ्या डिस्कवरची जागा त्याला लागत नाही. दोन डिस्कांवर पसरलेला एकच ड्राइव्ह करायची सोय विंडोजमध्ये आहे, ‘डायनॅमिक डिस्क’ नावाची. पण ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे तो तसा पसरवता येत नाही. आणि नुसत्या फोटोंसाठी तसं केलं, तर दोन्हींपैकी एक डिस्क गेली की संपूर्ण ड्राइव्हच गेला समजा. मायक्रोसॉफ्टनेच ही पद्धत आता मागे टाकली आहे. एमबीआर डिस्कवर चार मुख्य पार्टिशनं झाल्यावर पाचवं करायला गेलं की विंडोज हळूच विचारतं, ‘डायनॅमिक करू का?’ घाईत ‘यस’ दाबलं की परतीचा रस्ता अवघड होतो. तिथे नेहमी ‘नो’.

सी मोकळा करायचा मार्ग वेगळा आहे. सीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर राहू द्या, बाकी सगळं नव्या डिस्कवर हलवा. तुमच्या धंद्यात सीवरची जागा कोण खातं ते मी सांगतो. पहिला नंबर प्रीमियरचा. प्रत्येक व्हिडिओ उघडताना ते स्वतःच्या सोयीसाठी ‘मीडिया कॅशे’ नावाचा तात्पुरत्या फाइलींचा साठा तयार करतं आणि ठरवून न दिल्यास ते सीवरच साठत जातं. लग्नसराई संपता संपता ते पन्नास-साठ जीबी झालेलं असू शकतं. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया कॅशे’चं पान आहे. तिथून जुना कॅशे डिलीट करा. मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही, प्रोजेक्ट पुन्हा उघडलं की कॅशे नव्याने तयार होतो. तिथेच त्याचा पत्ताही बदलता येतो आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुना कॅशे आपोआप काढायची सोयही आहे, ती चालू करा.

दुसरं फोटोशॉप. ‘स्क्रॅच डिस्क फुल’ हा संदेश तुम्ही नक्की पाहिला असणार. स्क्रॅच डिस्क म्हणजे काम करताना फोटोशॉप तात्पुरती वापरतं ती जागा. प्रेफरन्सेसमधल्या स्क्रॅच डिस्कच्या यादीत एसएसडी पहिली ठेवा आणि नवी डिस्क दुसरी. जलद जागा आधी वापरली जाईल आणि ती संपली तर काम अडणार नाही.

तिसरं तुमचं स्वतःचं: डाउनलोड्स आणि डेस्कटॉप. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो, गिऱ्हाइकांची निमंत्रणपत्रिका, निम्मे प्रोजेक्ट डेस्कटॉपवरच पडलेले असतात, आणि डेस्कटॉप म्हणजे सी. डाउनलोड्स फोल्डरवर उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीज, त्यात ‘लोकेशन’, त्यात ‘मूव्ह’. इथे एक खड्डा आहे. पत्ता देताना थेट ड्राइव्ह निवडू नका. आधी नव्या डिस्कवर ‘डाउनलोड्स’ नावाचं फोल्डर करा आणि ते निवडा. थेट ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो आणि तो पूर्वीसारखा करताना डोक्याला फार ताप होतो. एवढं सगळं झाल्यावर सीवर तीसेक जीबी कायम मोकळी राहिली की तुमचा कॉम्प्युटर बिनतक्रार चालेल.

पार्टिशनं किती? आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा प्रत्येक जण सी, डी, ई, एफ पाडूनच देतो आणि गिऱ्हाइकालाही तसं नसलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. या सवयीला एकेकाळी कारण होतं. डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ च्या काळात फॅट १६ ही फाइली साठवायची रचना एका पार्टिशनमध्ये २ जीबीपेक्षा जास्त जागा वापरूच शकत नव्हती, म्हणून तुकडे पाडावेच लागत. १९९६ मध्ये फॅट ३२ आलं, पुढे घरोघरी एनटीएफएस आलं, आणि ती अडचण संपली. दुसरं कारण असं की विंडोज बिघडलं तर सी पुसायचा आणि डी तसाच ठेवायचा. तुमच्याकडे आता विंडोजसाठी वेगळी एसएसडीच आहे, त्यामुळे तेही कारण उरलं नाही.

चार तुकडे पाडल्यावर होतं काय ते सांगतो. ‘लग्न’ नावाचा ड्राइव्ह भरतो, ‘शाळा’ नावाचा निम्मा रिकामा पडतो, मग लग्नाचे काही फोटो शाळेत जातात, आणि दोन वर्षांनी कुणी मागितले की कुठे ठेवले ते आठवत नाही. आणि सगळ्यात घातक समजूत म्हणजे ‘डीमधल्या फोटोंची एक कॉपी ईमध्ये आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ हा बॅकअप नव्हे. दोन्ही पार्टिशनं एकाच लोखंडी डबीत आहेत. मोटर बंद पडली की दोन्ही एकदमच जातात. फोटोग्राफर मंडळींनी हा एक मुद्दा कायमचा लक्षात ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्यासाठी मी दोनच पार्टिशनं सुचवतो. पहिलं १६०० जीबीचं, फोटो आणि व्हिडिओसाठी. दुसरं उरलेल्या साधारण २६३ जीबीचं, मुलासाठी. खरं तर मुलासाठी वेगळं फोल्डर आणि विंडोजमध्ये त्याचं स्वतंत्र खातं एवढं पुरलं असतं. पण एक गोष्ट फोल्डरला जमत नाही, ती म्हणजे मर्यादा. आजकालचे काही गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. ऐन वैशाखात, दोन लग्नांची कार्डं रिकामी करायची असताना ‘जागा नाही’ असा संदेश येऊ नये, म्हणून हे कुंपण. त्याचं खातं साधं ‘स्टँडर्ड’ ठेवा, अॅडमिनिस्ट्रेटर नको.

फोटोंचं पार्टिशन आधी आणि मुलाचं नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. पार्टिशन वाढवायला उजवीकडची लगतची जागा मोकळी लागते, हे वर आलंच आहे. तीन-चार वर्षांनी मुलगा कॉलेजला बाहेरगावी गेला, स्वतःचा लॅपटॉप घेतला, की त्याचं पार्टिशन डिलीट करून ती जागा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने फोटोंना जोडता येईल. क्रम उलटा केला तर विंडोजच्या स्वतःच्या साधनाने हे होत नाही. मग पार्टिशन सरकवणारी बाहेरची सॉफ्टवेअर शोधावी लागतात. ती शेकडो जीबी डेटा इकडून तिकडे हलवतात आणि मध्येच लाइट गेली तर काय होईल याचा भरवसा नसतो.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. काळ्या पट्टीवर उजवं बटण, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’. आकार एमबीमध्ये विचारतो, म्हणून १६०० गुणिले १०२४, म्हणजे १६३८४०० लिहा. पुढे अक्षर. लगेच पुढचं मोकळं अक्षर घेऊ नका, दूरचं घ्या. फोटोंसाठी ‘पी’ ठेवा. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर जवळची अक्षरं बळकावतात. प्रीमियरचं प्रोजेक्ट आपल्या क्लिप अक्षरासकट पूर्ण पत्त्याने लक्षात ठेवतं. अक्षर बदललं की उघडताना ‘मीडिया ऑफलाइन’ येतं आणि माणूस घाबरतो. फाइल सिस्टम एनटीएफएस, ‘अॅलोकेशन युनिट’ आहे तसंच, नावात ‘फोटो’ लिहा. फॅट ३२ घेऊ नका. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमचा एक व्हिडिओसुद्धा त्याहून मोठा असेल.

शेवटच्या पानावर ‘परफॉर्म अ क्विक फॉरमॅट’ला खूण असते. सगळे ती तशीच ठेवतात. तुम्ही काढा. पूर्ण फॉरमॅट डिस्कचा कोपरा न् कोपरा लिहून बघतं आणि खराब जागा असेल तर बाजूला काढतं. २ टीबीला चार-पाच तास लागू शकतात, रात्री लावून ठेवा. ज्या डिस्कवर लोकांच्या आयुष्यातले दिवस ठेवायचे, ती पहिल्याच आठवड्यात, दुकानदार बदलून देत असतानाच कसाला लागलेली बरी. त्यानंतर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर टाकून दोन्ही डिस्कची तब्येत बघा. निळं ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर नव्या डिस्कच्या बाबतीत तडक दुकान गाठा.

आता जुनी डिस्क. शक्य असेल तर ती कॅबिनेटमध्ये बसवू नका, डिस्क बाहेरून जोडायचं यूएसबीचं डॉक मिळतं त्यात लावा. डेस्कटॉपची मोठी डिस्क असेल तर वेगळा अॅडॉप्टर असलेलंच डॉक घ्या, नुसत्या यूएसबीच्या करंटवर ती फिरत नाही. आत बसवली तर तिच्यावर जुनं विंडोज असल्यामुळे कॉम्प्युटर चुकून तिथूनच सुरू व्हायचा प्रयत्न करू शकतो. मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एसएसडी पहिली करावी लागते.

जोडल्यावर तिचे सी, डी, ई हे एफ, जी, एच असे काहीही दिसतील. घाबरू नका, अक्षर कॉम्प्युटर देतो, ते डिस्कवर कोरलेलं नसतं. पण ‘फॉरमॅट केल्याशिवाय ही डिस्क वापरता येणार नाही, फॉरमॅट करायची का?’ असा संदेश आला, किंवा डिस्क मॅनेजमेंट तिला इनिशियलाइझ करायला सांगू लागलं, तर ‘कॅन्सल’ करा आणि हात मागे घ्या. याचा अर्थ पार्टिशनची नोंद वाचता येत नाही. फोटो बहुधा जागेवरच असतात आणि जाणकार माणूस ते काढू शकतो, पण फॉरमॅट किंवा ‘चेक डिस्क’ चालवून आपणच ते काम अवघड करून ठेवतो. डिस्कमधून टक-टक आवाज आला तर ताबडतोब बंद करा, पुन्हा चालू करून पाहू नका, आणि रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या.

सगळं सुरळीत दिसलं तर कॉपी करा. कट कधीच नको. कट-पेस्टमध्ये लाइट गेली की अर्धे इथे अर्धे तिथे होतात. कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या आणि प्रत्येक वर्षाचं फोल्डर वेगळं कॉपी करा, म्हणजे अडथळा आला तर कुठपर्यंत झालं ते कळतं. चारशे जीबी असतील तर चांगल्या डिस्कलाही दोन-तीन तास लागतात, लहान लहान फाइली जास्त असतील तर आणखी. डी आणि ईबरोबर जुन्या सीमध्येही बघायला विसरू नका. तिथल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या जुन्या खात्याचं नाव आहे, त्यात जुना डेस्कटॉप आणि पिक्चर्स आहेत. परवानगी नाही असं म्हणालं तर ‘कंटिन्यू’ दाबून थांबा. कितीतरी जणांचे फोटो जुन्या डेस्कटॉपवरच राहून जातात, कारण डी-ई पाहिले की त्यांना वाटतं काम झालं.

मग पडताळा. दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार सारखा आला पाहिजे. प्रत्येक वर्षातले सुरुवातीचे, मधले, शेवटचे फोटो उघडून बघा, नुसत्या छोट्या चित्रांवर समाधान मानू नका. ‘टेराकॉपी’ हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलं तर ते कॉपी झाल्यावर स्वतःच पडताळणी करतं. तेवढ्यासाठी मी ते सुचवेन.

हे झालं की जुनी डिस्क काढा, तिच्यावर ‘२०१३ पासूनचे फोटो, पुसू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि दुकानात नव्हे, घरी ठेवा. जुन्या फोटोंची ती तुमची दुसरी प्रत. ती जुनी आहे, कायम टिकणार नाही, म्हणून यंदाच्या सीझनच्या कमाईतून एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या आणि दर महिन्याला पीवरचं सगळं तिच्यावर घेत जा. तीही घरी. नव्या लग्नांची तर सध्या एकच प्रत असणार, ही गोष्ट मला जास्त सतावते. एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क वीज पडली, आग लागली, चोरी झाली किंवा व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर एकत्रच जातात. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत आणि दुसरी प्रत होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. पन्नास कार्डं लागली तरी चालतील.

उन्हाळ्याचंही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त होतं. बहुतेक हार्डडिस्कना कंपनीने ६० अंशांची वरची मर्यादा घातलेली असते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान दिसतं. ते पन्नाशीच्या वर जाऊ लागलं की कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एक पंखा बसवून घ्या आणि धूळ काढा. डिस्कचे चारही स्क्रू घट्ट हवेत, लोंबकळत ठेवलेली डिस्क थरथरते.

राहिला मेकॅनिक. नव्या डिस्कवर विंडोज टाकू नका. ती फिरणारी डिस्क आहे, तुमची एसएसडी तिच्यापेक्षा कितीतरी जलद आहे. एसएसडी सोडून तिच्यावर विंडोज घेतलं तर कॉम्प्युटर सुरू व्हायलाच वेळ लागेल आणि तुम्ही कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून हळहळाल. मात्र विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेव्हा आज ना उद्या एसएसडीवर नवं विंडोज टाकायची वेळ येणारच. त्या दिवशी मेकॅनिकला एवढंच सांगा: ‘आधी २ टीबीची केबल काढ, मग सुरू कर.’ यात दोन फायदे. चुकीची डिस्क निवडून फोटो पुसले जाण्याची शक्यताच उरत नाही. आणि दुसरा, जो फार जणांना ठाऊक नसतो: दुसऱ्या डिस्कवर आधीपासून विंडोज सुरू करणारं छोटं पार्टिशन असेल तर नवं विंडोज आपल्या सुरुवातीच्या फाइली तिथेच ठेवून देतं. पुढे कधी ती डिस्क काढली की एसएसडी धडधाकट असूनही कॉम्प्युटर सुरूच होत नाही. याच कारणाने एसएसडीवरची शंभर-पाचशे एमबीची बिननावाची पार्टिशनं जागा खातात म्हणून डिलीट करू नका. त्यातलंच एक कॉम्प्युटर सुरू करतं.

पूर्ण फॉरमॅटला आज रात्री लावा. उद्या सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो निळं दिसलं तर दुपारी जुनी डिस्क जोडा. पिवळं दिसलं किंवा जुनी डिस्क फॉरमॅट मागू लागली, तर पुढे काही न करता मला पुन्हा लिहा, आणि पडद्यावर आलेला संदेश मोबाइलवर फोटो काढून सोबत पाठवा.